साडूंचा चिनी मुत्सद्दी

दारव्ह्यात चीनची वकिलात नाही, आणि माझे थोरले साडू असेपर्यंत तिची गरजही नाही. खतं-बियाण्यांच्या दुकानात बसून हा गृहस्थ वर्षानुवर्षं एका बड्या चिनी मुत्सद्द्याच्या कारकिर्दीवर नजर ठेवून आहे. त्याचं नाव साडूंना अजून धड उच्चारता येत नाही; ते त्याला 'आपला माणूस' म्हणतात. हा आपला माणूस दुभाष्या म्हणून चिकटला, मग कुठेकुठे राजदूत झाला आणि शेवटी मंत्र्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. तेही, साडूंच्या मते, जन्मात कुणाला हो किंवा नाही न म्हणता. साडू घरातल्या गोष्टीही त्याच्या बढत्यांवरून लक्षात ठेवतात. पोरगी बारावी कधी झाली विचारलं, तर म्हणतात, "आपला माणूस राजदूत झाला तवा."

या भक्तीचा प्रसाद गिऱ्हाइकांना मिळतो. "भाऊ, युरिया आला काय?" असं कुणी विचारलं की साडू चष्मा काढून सांगतात, "त्या दिशेनं सकारात्मक पावलं पडून राह्यली." गिऱ्हाईक मुकाट्यानं शेजारच्या दुकानात जातं. बोरी अरब गावच्या दोन भावांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, तंटा मिटवायला यांना नेलं, तर यांनी दिवसभर चहा-चिवडा हाणून 'चर्चा सौहार्दाच्या वातावरणात झाली' असं जाहीर केलं. तेव्हा अंगणात दोघे भाऊ एकमेकांचं नरडं धरून उभे होते.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. मग साडूंच्या एकुलत्या एका मुलीनं, स्वातीनं, आपल्या मनानं लग्न करून नागपूरला संसार थाटला, आणि वर्षभरानं फोनवर विचारलं, "बाबा, आमी दोघं घरी येऊ काय?"

"योग्य वातावरण तयार झाल्यावर विचार करू," साडू म्हणाले.

मेहुणीनं फोन हिसकला. "वातावरण गेलं चुलीत! ये तू, माय."

पोर आली, नवऱ्याला घेऊन. साडूंनी बैठकीत समोरासमोर खुर्च्या मांडून मधल्या टेबलावर प्लॅस्टिकची फुलं ठेवली होती. जावयाशी हात मिळवला, फोटोसाठी थांबले, सोयाबीनच्या भावावर त्याच्याशी विचारविनिमय केला. पोरीशी अवाक्षर नाही. ती चहा न घेताच उठली. "बाबा, शिव्या देल्या असत्या तरी चाललं असतं," एवढं म्हणून मिळेल त्या एसटीनं गेली. त्यानंतर तिनं साडूंचा फोन उचलणंच सोडलं. मला त्यांचा इतका संताप आला की कित्येक दिवस मी दारव्ह्याकडे फिरकलो नाही.

यंदा आपला माणूस निवृत्त झाला. ही बातमी द्यायला साडू मुद्दाम यवतमाळला माझ्या घरी आले, पण सांगता सांगता मध्येच थांबले. "साडूभाऊ, तुमच्या फोनवरून पोरीले लावून द्या ना. माहा फोन उचलत नाही ते."

मी लावून दिला, आणि साडूंना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर सुरू केला. सगळ्या तालुक्याला बोलून दमवणारा हा माणूस फोन हातात धरून नुसता खाकरला.

स्वातीनं ओळखलं असावं. "बाबा?" ती म्हणाली. "आई बरी हाय ना?"

"तुही माय बरी हाय, पोरी," साडू म्हणाले. "मीच बरा नाही."

पलीकडे कुणीतरी रडत होतं, की ते साडूच होते, मला नक्की कळलं नाही. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.