‘तपास’ नावाचं दुकान

मित्र गेल्याची बातमी ऐकली, की माणसाला आधी मित्राचा चेहरा आठवतो म्हणतात. सुषमावहिनींचा फोन आला, ‘भाऊजी, हे गेले... छातीत दुखून राहिलं म्हणाले, अन् संपलंच,’ तेव्हा मी आधी स्वतःची नाडी चाचपली. विनायक आणि मी एका वर्गातले. छातीतली कळही आम्हाला एकाच उन्हाळ्यात सुरू झाली होती. त्याला जाऊन महिना झाला. माझी भीती आहे तिथेच आहे.

निवृत्तीनंतर तो मुलीकडे स्पेनला राहून आला आणि शहरातल्या सदर भागात त्याने ‘तापास’चं दुकान काढलं. पेयासोबत बशीभर चटकमटक, एवढाच मामला. पेंटरने काना खाल्ला आणि पाटी झाली ‘तपास’. पार नंदनवन वस्तीपासून लोक सकाळी उपाशीपोटी शुगर तपासायला येऊ लागले. मी म्हटलं, पाटी बदल. ‘काहून? उपाशी गिऱ्हाईक कोणाले भेटते गा?’

स्पॅनिशमध्ये तापा म्हणजे झाकण. पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाची चकती ठेवायचे, पुढे चकतीवर काहीबाही आलं, ही त्याची लाडकी कथा. दुसऱ्या कथेत आजारी राजाला वैद्य दारूसोबत दोन घास खायला लावतो. तिसरीत गाडीवान झिंगू नयेत म्हणून राजाज्ञाच निघते. पुरावा कशालाच नाही. ‘प्रत्येक पदार्थाला राजा लागतोच का रे?’ मी विचारलं. ‘वाडीच्या ट्रकवाल्यानं काढला म्हटलं, तर तू खाशील काय?’

त्याच्या लिंबूपाण्यावर कायम बशी असे, बशीत ऑलिव्हऐवजी खारवलेला आवळा. शेवटच्या भेटीत दुकानाची पायरी चढताना तो छातीला हात लावून थांबला. मीही थांबलो.

‘डॉक्टरकडे जाऊ. दोघंही.’

‘गॅस आहे गा. काहून घाबरून राहिला?’

‘तुला भीती नाही वाटत?’

आत बसल्यावर त्याने पेल्यावर बशी नीट बसवली... ‘वाटते ना. म्हणून तं झाकून ठेवतो.’

मागच्या आठवड्यात मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर हसून म्हणाले, ‘हृदय ठणठणीत आहे. गॅस आहे.’ नेमका तोच शब्द... मी त्यांना पुन्हा तपासायला लावलं.

वहिनींनी दुकानातली एक बशी मला दिली. ती माझ्या उशाशी पेल्यावर झाकलेली असते. पेल्यात ओव्याचं पाणी असतं.