अंगठ्यातला बंदोबस्त

आईने चहाचा कप डाव्या हाताने उचलला. बस, एवढंच झालं. पण मला ते खटकलं. आई डाव्या हाताने माशीसुद्धा हाकलत नाही हो!

तशी मी दचकायला वेळ लावत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी माझा हात छातीवर जातो. पण या खेपेला जिथे दचकायचं तिथे मी दचकले नाही. माझ्या नशिबातला सगळ्यात मोठा घोळ तो हाच. हसायचं तर हसा, मला अजून जमत नाही.

"उजव्या हाताला काय झालं?"

"काही नाही गं. सुई लागली परवा."

आई घरी जीन्सचे धागे कापते. कॅम्प पाचातल्या जीन्सच्या कारखान्यांतून गठ्ठे येतात, शिलाईचे लोंबते धागे कापून परत द्यायचे. एका पँटीत कारागिराची मोडकी सुई राहिली होती, ती अंगठ्यात घुसली. अंगठा लाल, गरम आणि टम्म. नुसतं बोट टेकवलं तर आई कळवळली.

आणि मला काय वाटलं असेल? आनंद! खरंच सांगते. मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी झालेली मी. लाली, उष्णता, सूज, वेदना, पुस्तकातली चारही लक्षणं आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली!

तेवढ्यात शेजारच्या पद्मा आंटी आल्या. सिंधी बाई, आवाज अख्ख्या चाळीला पुरेल एवढा. "अरे भाभी, ये तो पक गया है! चलो, डॉक्टर के पास चलो।"

"आंटी, रुको. ये अच्छा है."

"क्या अच्छा है? अंगूठा टमाटर हो गया!"

मग मी समजावलं. कातडी म्हणजे भिंत. सुईने भिंतीला भोक पडलं, जंतू आत आले. आतल्या पहारेकरी पेशींनी आरडाओरडा केला. रक्तवाहिन्या रुंद झाल्या, म्हणून लाल आणि गरम. त्यांतून पाणी झिरपलं, म्हणून सूज. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत आल्या, जंतूंना गिळत सुटल्या. हे कोणी शिकवावं लागत नाही, आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. सूज म्हणजे आजार नाही, बंदोबस्त आहे!

आईने अंगठ्याकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या अंगठ्यात पोलीस आलेत?"

"हो."

"दंगा जंतूंनी केला?"

"हो ना."

"मग लाठी मला का बसतेय?"

आंटी खो खो हसल्या. मी नाही हसले. विज्ञानाची थट्टा मला चालत नाही.

संध्याकाळी बाबा अंबरनाथच्या फॅक्टरीतून आले. "दुखण्याची गोळी तरी दे तिला, प्रज्ञा."

"अजिबात नाही! दुखतंय म्हणून ती हात हलवत नाही. शरीराची युक्ती आहे ती." आंटींनी लावलेला आंबेहळदीचा लेपही मी धुऊन टाकला. बंदोबस्तात लुडबुड नको. आईला कणकण आली, तर मी काय म्हणावं? "ताप? उत्तम! आता तर वरून कुमक आली."

बाबांनी गोळ्यांचा डबा परत फळीवर ठेवला. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. पदवीचा फोटो भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी. माझ्यापुढे कोण बोलणार? आईने रात्रभर हात उशीवर ठेवून दात आवळले. हूं की चूं नाही.

सकाळी सूज तळव्यापर्यंत गेली होती. मनगटावरून कोपराकडे एक बारीक लाल रेघ चढली होती. त्या रेघेबद्दल काही वाचल्याचं मला आठवेना. आठवत नाही म्हणजे महत्त्वाचं नसणार, असं म्हणून मी क्लासला निघाले. हो, तेव्हा अंबरनाथला मी नववीच्या मुलांना विज्ञान शिकवत होते. बिचारी मुलं.

पण ती रेघ डोक्यातून जाईना. क्लासच्या कपाटात माझं जुनं पुस्तक होतं, ते काढलं. सुजेचं पान सापडलं, पिवळ्या स्केचपेनने रंगवून अगदी होळी केलेली. पुढचं पान उलटलं. कोरं करकरीत! वर माझ्याच अक्षरात एक शब्द, 'ऑप्शनला'. परीक्षेत येणार नाही म्हणून मी ते पान सोडून दिलं होतं.

त्या पानावर ती रेघ होती. जंतू कुंपण ओलांडून पुढे निघाले की तशी रेघ उठते. आणि ते रक्तात पसरले, तर तोच बंदोबस्त सगळ्या अंगभर पेटतो. सगळ्याच रक्तवाहिन्या रुंदावतात, झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो, माणूस...

पुढचं वाक्य वाचवेना.

फोन लावला. बाबांना फॅक्टरीत मोबाइल नेता येत नाही, म्हणून तो आईकडे असतो. रिंग गेली. उचलला नाही. पुन्हा लावला. कट!

का, तर आमच्या घरी माझा फोन कोणी उचलतच नाही. पोचले की एक मिस्ड कॉल, निघाले की एक मिस्ड कॉल, ही शिस्त मीच लावलेली. बदलापूरच्या मामाला लावला. त्याने कट केला आणि उलट मला मिस्ड कॉल दिला! पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिकडे आई मरतेय की काय आणि मामा मला खुशाली कळवतोय! आंटींची लँडलाइन नुसती वाजत राहिली. दुपारी कधी घर सोडत नाहीत त्या. समोर नववीची मुलं वह्या मिटून माझ्याकडे बघत होती. मी तिथेच फळ्याखाली बसले आणि आईला लावत राहिले, लावत राहिले.

शेवटी उचलला.

"अगं, किती वाजवशील? मला वाटलं पोचल्याचा मिस्ड कॉल."

"आई! कुठे आहेस तू?"

"डॉक्टरांकडे. तू गेलीस आणि आंटीने मला ओढतच आणलं. चीर दिली, पू काढला, आता सलाइन चाललीय. डॉक्टर फार ओरडले गं. म्हणाले, अजून एक दिवस काढला असता तर हातच गेला असता. इतकं होईपर्यंत घरात कोणाला कळलं नाही का, विचारत होते."

"मग... तू काय सांगितलंस?"

आईने आवाज खाली आणला. "घाबरू नकोस, तुझं नाव नाही घेतलं. सांगितलं, आमच्या घरात कोणी शिकलेलं नाही."