रस्त्यापलीकडची विहीर

वैशाखातल्या पहिल्या सोमवारी सकाळी बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरने तिच्या विहिरीची भरपाई साठ रुपये ठरवली. हजर होतो ते पटवारी, आम्ही आळीतले सात घरमालक आणि ती. ओव्हरसियरने आकडा उच्चारला तसा तिने उजवा हात वर केला, तळवा समोर धरून.

तो हात तुम्ही पाहिला असता तर तुम्हीही थांबला असता. मलकापूरच्या जिनिंग कारखान्याकडे कापसाच्या बैलबंड्या निघाल्या की ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून असाच हात करी. "थांब बे! पोरी पाणी घेऊन येऊन राह्यल्या." आधी बैल थांबत, मग गाडीवान. एकदा तिने तहसीलदारांचा टांगा अडवला. टांगेवाला म्हणाला, "बुढे, आत सायेब हायेत." ती म्हणाली, "मंग सायबाले तहान लागत नाई काय?" तहसीलदार हसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि गेले.

आळीत तिला सगळे मामी म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. रस्त्याच्या अलीकडे आमची सात घरे एका रांगेत, पलीकडे तिचा वांगी-मेथीचा मळा आणि ती विहीर. विहीर तिची, पाणी सगळ्यांचे.

बुलढाण्याकडे मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या म्हणून सरकारने रस्ता रुंद करून खडी घालायचे ठरवले. दहा हात जागा हवी होती. चुन्याची रेघ नेमकी विहिरीच्या मधून गेली. विहीर वाचवायची तर रेघ आमच्या बाजूला सरकणार आणि सातही घरांचे ओटे जाणार. ओव्हरसियर सरळ माणूस होता. म्हणाला, "सातही जणांनी लिहून दिलं तर मी साहेबांना सांगून आखणी सरकवतो. शनिवारी विहिरीत माती पडेल, त्याच्या आत काय ते ठरवा."

"साठ रुपये नोको मले," मामी म्हणाली. "विहीर राहू द्या."

त्या संध्याकाळी किराणावाल्या शेठच्या ओट्यावर आम्ही बसलो. त्याचा ओटा सगळ्यांत मोठा; कापसाच्या दिवसांत अर्धे दुकान तो तिथेच मांडी.

"मामी, विहीर तुही, अन् ओटे आमचे काऊन जातीन?"

"माह्या घरी दोन घागरी लागतात, शेठ. बाकीचं पाणी कोन पेते?"

"सरकार दुसरी खोदून दिन."

"खोदन. पाणी लागनच, असं सरकारनं लिहून देल्लं काय?"

मी म्हणालो, माझ्या ओट्याचे फार तर वीस-बावीस रुपये येतील. नवी विहीर तीनशेच्या खाली होत नाही. शेजारी म्हणाला, "तुमचा हिशेब बराबर हाय, भाऊ. पण बसू कुठी?" त्याचेही खोटे नव्हते. आमच्याकडे उन्हाळ्यात निजायचे ओट्यावर, कापसाचा भाव कळायचा ओट्यावर. माझ्या मुलीची सोयरीक ओट्यावरच ठरली. लिहून द्यायला तिघे तयार झाले, चौघे नाही.

गुरुवारी सकाळी बायको रिकाम्या घागरी घेऊन परत आली. "मामीनं कप्पी काढून घेतली."

मी गेलो. मामी विहिरीच्या काठावर बसली होती, लोखंडी कप्पी मांडीत. समोर दोर आणि घागरी घेऊन आळीतल्या बाया उभ्या होत्या. शेठ तावातावाने आला.

"बुढे, पोलिसात दिन तुले!"

"दे ना. परवा बुजनारच हाय, तं आजच बुजली समजा. सवय होऊ द्या. जा नदीवर."

वैशाखात नळगंगेला पाणी कुठले? वाळूत झरा उकरायचा आणि वाटीवाटीने घागर भरायची. बाया गेल्या आणि ऊन डोक्यावर आल्यावर परतल्या, घागरी अर्ध्या. मामीने स्वतःच्या वांग्यांनाही पाणी काढले नाही. दुपारपर्यंत वाफे माना टाकून पडले. एका घरी मात्र तिने आपल्या रांजणातल्या दोन घागरी आपण होऊन पोचवल्या. "त्या घरी बाळंतीण हाय. तिनं कोनाचा ओटा धरून ठेवला?"

मी तिला म्हणालो, "मामी, लोक चिडले आहेत."

"चिडू दे, भाऊ. पाण्याबिगर मानूस चिडतेच."

शुक्रवारी सकाळी सात दारांपुढे सडा पडला नाही. जेवढे पाणी होते ते चुलीला आणि पोरांना लागले. शेण कालवायला कुठून आणायचे? वऱ्हाडात बिनसड्याचे दार कसे दिसते हे तुम्हाला सांगायला नको. मलकापूरकडे जाणाऱ्या एका गाडीवानाने बैल थांबवले, डोक्यावरचे मुंडासे काढले आणि हळूच विचारले, "काऊन हो, आळीत कोनी गेलं काय?"

शेठची बायको दारात खराटा घेऊन उभी होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी नवऱ्याला म्हणाली, "ओटा ठेवा तुमी. त्याच्यावर सडा कायचा टाकू?"

शेठ तसाच आत गेला. दुपारी ओव्हरसियरला द्यायच्या अर्जावर पहिली सही त्याची होती, मग बाकी सहा. संध्याकाळी मामीने कप्पी बसवली आणि पहिली घागर शेठच्या बायकोच्या डोक्यावर ठेवली. "जाय. सांज झाली तरी टाक."

ओटे गेले, रस्ता झाला. पण लॉरी म्हणजे बैल नव्हे. मामी हात वर करून उभी राही, ड्रायव्हर शिव्या देत, ती सव्याज परत करी. "मामी, एक दिवस चेंदा होईल," मी म्हणालो. "झाला तं झाला. पन ती लॉरी तं थांबन ना?" हळूहळू ड्रायव्हर शिकले. विहीर आली की हॉर्न वाजवून आधीच वेग कमी करत.

ती लॉरीखाली गेली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तापाने, आपल्या खाटेवर गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दारात उभा होतो. दार आता थेट रस्त्यावरच उघडते. एक लॉरी विहिरीपाशी थांबली. ड्रायव्हरने डोके बाहेर काढून इकडेतिकडे पाहिले. "बुढी कुठी हाय?" त्याने इंजिन बंद केले. माझी बायको कडेवर घागर घेऊन सावकाश रस्ता ओलांडून आली.

सात ओट्यांचे मिळून एकशे शेहेचाळीस रुपये सरकारने सात घरमालकांना दिले. त्यांतले बावीस माझे. विहिरीचे साठ कोणालाच द्यावे लागले नाहीत.