पांढरीतलं लेकरू

आमच्या विभागात, चपला काढतात त्या दाराशेजारी, भिंतीवर एक फोटो काचेत लावला होता. लाल मातीचं मडकं, त्यात चिमुकली हाडं, बाजूला काळी-पांढरी मोजपट्टी. खाली छापलेलं: 'बालकाचे कुंभदफन, सातवाहन काळ.' दोन वर्षं मी त्या फोटोखाली चपला काढल्या. आणि दोन्ही वर्षं मला माहीत होतं की त्या बाळाची आई जिवंत आहे, केदारखेड्याच्या पलीकडे एका गावात राहते, आणि तिला तिचं लेकरू परत हवं आहे.

किळस हा शब्द मी जपून वापरते. उत्खननावरच्या बाईला किळस येत असेल तर तिने घरी बसून भाकरी थापाव्यात, असं आमचे सर म्हणायचे. उंदरांची बिळं, जुने उकिरडे, गुरांच्या कवट्या, मला कशाचंच काही वाटत नाही. पण त्या फोटोची शिसारी यायची. त्याच्याखाली मुकाट्याने चपला काढणाऱ्या बाईची जरा जास्तच.

आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. माणसं एकाच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, त्यावरच पुन्हा उभ्या राहिल्या, की राखेने मातीचा रंगच उतरतो. पुढे गाव बाजूला सरकतं आणि मागे नुसता उंचवटा राहतो. त्या गावची अशी जुनी पांढरी नदीच्या काठाला होती. चालताना खापरं पायाला टोचायची. सरांना ती खणायची परवानगी मिळाली आणि त्यांच्याबरोबर मी गेले, जालन्यातल्या मस्तगडच्या एका मनियाराची, म्हणजे बांगड्या-मणी विकणाऱ्याची मुलगी. माझं काम खापरांचं. धुवायची, वाळवायची, निवडायची, त्यांच्यावर क्रमांक घालायचे, वहीत लिहायचं. मला ते काम मनापासून आवडायचं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की ही बाई जन्मतःच कडू.

घमेली वाहायला गावातल्या बाया होत्या. त्यातली एक पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला पोरी. चाळणीवर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मातीच्या ढिगातून हरभऱ्याएवढा मणी ती अचूक उचलायची आणि माझ्या तळहातावर ठेवायची. पहिल्याच आठवड्यात, बाकीच्या बाया पाणी प्यायला गेल्यावर, तिने मला विचारलं, "पोरी, त्या बोरीकडं खंदणार न्हाई ना तुमी?"

बोरीचं झाड आमच्या खड्ड्यापासून चांगलं लांब होतं. मी म्हटलं, "नाही मावशी. आपली हद्द या खुंटीपर्यंतच."

"बराबर सांगती ना?"

"बराबर."

तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गावोगावी बाया अशा जागा राखून असतात, कुठे म्हसोबा असतो, कुठे आसरा. मला वाटलं, असंच काहीतरी असेल.

महिनाभराने एका मोठ्या साहेबांची भेट ठरली. तोवर आम्हाला खापरं, राख आणि एक मोडकी चूल, एवढंच मिळालं होतं. चूल सुरेख होती. तिच्या कडेला लिंपणाऱ्या बाईची बोटं उमटली होती. पण सर वैतागले. "साहेबांना काय चूल दाखवू? चूल त्यांच्या घरी नाही का?" म्हणाले, आणि खड्डा बोरीच्या दिशेने वाढवायला सांगितला. मावशी तेव्हा गावात नव्हती. तिचा मुलगा एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलवर होता, त्याचा हात भाजला म्हणून ती आठवडाभर जालन्याला गेली होती. मी बोरीबद्दल सरांना काही बोलले नाही. घमेली वाहणाऱ्या एका बाईने नको म्हटलंय, एवढ्यावर सरांसमोर तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

तिसऱ्या दिवशी मडकं लागलं. हातभर खोल, तोंडावर सपाट दगड ठेवलेला. आत पांढरट खपल्या, इवलाल्या फासळ्या, आणि काळे-पांढरे मणी. सर लहान मुलासारखे खड्ड्यात उतरले.

आमच्या धंद्यात एक सवय आहे, बाहेरच्यांना सांगायची लाज वाटते अशी. हाड जुनं आहे का हे पटकन बघायचं तर जिभेला लावतात. फार जुन्या हाडातला जीव निघून जातो, ते कोरडंठाक होतं आणि जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही, अलीकडचं हाडही नीट चिकटत नाही. सरांनी फासळीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "बघ."

मी लावला. तो चिकटला नाही. आणि खारट होता, जाड मिठाचा खडा चाटावा इतका खारट.

"चिकटतंय?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. साहेबांची गाडी केदारखेड्यापर्यंत आली असल्याचा फोन आत्ताच येऊन गेला होता.

"चिकटतंय, सर," मी म्हटलं.

आजही ते आठवलं की तोंडाला खारट पाणी सुटतं आणि थुंकावंसं वाटतं. खरं तर जिभेची गरजच नव्हती. मडक्याच्या वरची माती वरपासून खालपर्यंत सैल होती, कुणीतरी अलीकडच्या काळात खणून बुजवलेली. आंधळ्यालाही दिसलं असतं. मी वहीत लिहिलं, 'उंदराचे बीळ?' पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, म्हणजे आपली अक्कल शाबूत राहते. आणि ते मणी! सर साहेबांना सांगत होते की ही काच समुद्रापलीकडून आलेली, रोमशी व्यापाराचा पुरावा. मी मनियाराची मुलगी. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून हातात बांधतात त्या मनगट्यांचे मणी मला ओळखू येत नाहीत? आमच्या दुकानात लहानपणी मी ते दोऱ्यात ओवत होते. पण माझा प्रबंध सरांच्या सहीसाठी त्यांच्या टेबलावर पडला होता, आणि पांढरीतलं सगळं जुनंच असतं असं सरांनी एकदा म्हटलं की ते जुनं असायचं. मी मूग गिळून बसले.

रविवारी घरी गेले. साहेबांच्या भेटीनंतर वर्तमानपत्रात आलेला मडक्याचा फोटो अब्बांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि हसतच सुटले. "अगे, ये तो अपने दुकान का माल है! ऐसे मणी हम कितने साल से बेच रहे." अम्मी चहा घेऊन आली, तिलाही बोलावून दाखवलं. मग हसता हसता ते थांबले. पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "फिर ये बच्चा किसका है?"

इतक्या शिकल्यासवरल्या माणसांत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. तो बांगड्या विकणाऱ्याला पडला. मी पेपरची घडी घालून उठले.

त्याच आठवड्यात सरांनी गावच्या शाळेच्या मैदानात व्याख्यान ठेवलं. टेबलावर लाल मखमल, त्यावर मडकं, हाडांसकट. लोकांनी रांगेने बघून जायचं. सर माईकवर सांगत होते, की दोन हजार वर्षांपूर्वी याच मातीत एका मातेने आपलं तान्हुलं किती मायेने निजवलं असेल, कल्पना करा. त्यांनी रुमालाने डोळेही पुसले. उथळ पाण्याला खळखळाट फार. जिवंत बायांना हा माणूस नावाने हाक मारत नसे, 'ए घमेलं' म्हणायचा.

मावशी सकाळीच जालन्याहून परतली होती आणि रांगेत होती. ती टेबलापाशी आली. ओरडली नाही, रडली नाही. तिने फक्त पदर ओढला आणि मडक्याच्या तोंडावर धरला, बाळावर ऊन येऊ नये म्हणून धरतात तसा.

"हात लावू नका, मावशी," टेबलाजवळ उभी असलेली मी म्हणाले. "जुनं आहे ते."

संध्याकाळी मी खापरं धूत होते तिथे ती आली आणि बादलीशेजारी बसली.

"सा महिन्याची हुती," ती म्हणाली. "तापानं गेली, लई वर्सं झाली. आमच्यात तान्ह्या लेकराला जाळीत न्हाईत. काळीत पुरलं तर एखाद्या दिशी नांगर लागतो, म्हून पांढरीत ठिवली. तिथं नांगर जात न्हाई. सासूनं नवं मडकं आणल्तं. म्या मीठ घातलं, कुत्र्या-कोल्ह्यानं उकरू न्हाई म्हून. मनगट्या काढून राह्यल्ते लोक, म्या न्हाई काढू दिल्या."

मी खापर घासत राहिले.

"माही लेक हाये ती. देऊन टाका मला. बिलकुल कुणाला काय बोलणार न्हाई मी."

मी सरांकडे गेले. एवढं तरी केलं, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. सरांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. "वा! म्हणजे ही प्रथा अजून जिवंत आहे!" त्यांनी मावशीला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला, पहिल्यांदाच. मडकं कुणी आणलं, मीठ किती, दगड कुणी ठेवला, सगळं विचारून लिहून घेतलं. मावशीला वाटलं, आता देतात. ती हात जोडून उत्तरं देत होती. शेवटी सर म्हणाले, "तुमचं मूल दुसरीकडे असेल, मावशी. हे फार जुनं आहे. आमच्या मॅडमनी तपासलंय." मावशीने माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं.

सरांच्या लेखात ती तळटीप झाली: 'आजही स्थानिक स्त्रिया या कुंभाशी भावनिक नाते जोडताना दिसतात.' एका आईचं मागणं इतक्या स्वच्छ भाषेत पुसता येतं, हे मला तेव्हा कळलं. तो लेख टंकून मीच दिला. प्रबंधावर सही झाली. मला नोकरी लागली, त्याच विभागात, त्याच फोटोपाशी.

हाडाचा एक तुकडा काळ ठरवायला परगावच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. दोन वर्षांनी उत्तर आलं: नमुना प्राचीन नाही, अगदी अलीकडचा. सरांनी कागद वाचला, घडी घातली, म्हणाले, "नमुना दूषित झालेला दिसतो." दुसऱ्या दिवशी फोटो भिंतीवरून गेला. माफी नाही, चौकशी नाही, गावाला एक ओळ नाही. आठवड्याने भांडारात आवराआवर चालली होती, तेव्हा सरांनी त्या हाडांचा खोका पायाने पुढे सरकवला. "याची जागा अडते. टाकून दे."

जोवर ते लेकरू मोलाचं होतं, तोवर आईचं नव्हतं. कवडीमोल झालं तेव्हा मला नेता आलं.

मी एसटीने गेले, खोका मांडीवर घेऊन. मावशी तिच्या शेताच्या बांधावर होती. मी काय आणलंय ते तिला सांगावं लागलं नाही. तिने हात धुतले, लुगड्याला पुसले आणि खोका उघडला. मडक्याचे तुकडे झाले होते. हाडं लहान लहान पिशव्यांत. ती एकेक काढून पदरात ठेवू लागली आणि मध्येच थांबली. प्रत्येक हाडावर काळ्या शाईत बारीक आकडा होता. अक्षर माझं. चांगलं वळणदार आहे माझं अक्षर, सर कौतुक करायचे.

तिने पदराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि आकडा पुसू लागली. तो निघत नाही. निघू नये म्हणून आम्ही वरून पातळ लाख लावतो. ती दुसरं हाड घेऊन घासू लागली, मग तिसरं.

"मावशी, नाही जायचं ते," मी म्हणाले.

"एक कमी हाये."

"ते तपासायला नेलं होतं. त्याची पूड केली."

तिने हातातलं हाड पदरात ठेवलं. मग न बघता विचारलं, "तुमाला कवा कळलं, म्याडम?"

आख्खा हंगाम मी तिची पोरी होते.

"पहिल्याच दिवशी," मी म्हणाले.

तिने मान हलवली, जणू कुठून आलात एवढंच विचारलं होतं. बांधाच्या कडेला लिंबाखाली तिने स्वतः खड्डा खणला. पांढरीला आता आमच्याच विभागाचं तारेचं कुंपण होतं, तिथे जाता येत नव्हतं. नवं धडुतं अंथरलं, त्यात सगळं ठेवलं, वर मीठ टाकलं आणि माती लोटायला लागली. मूठमाती त्यांच्यातही देतात, आमच्यातही देतात. मी वाकले आणि मूठ भरली.

तिने माझं मनगट धरलं. जोरात नाही. बोटं उलगडून माती खाली पाडली, माझा हात बाजूला केला आणि राहिलेला खड्डा एकटीने भरला.