पाय तळाला

पेठ रस्त्याने सुरगाण्याला जाताना मी तिच्या टॅक्सीत एकदाच बसलो. नाव विचारलं नाही. वय पन्नाशीचं, साडीवर पुरुषी शर्ट, गाडी ऑटोमॅटिक आणि स्वतःची. तिच्या शेजारी बसलेल्या एका प्रवासी काकांनी नाशिक सोडतानाच सांगितलं होतं, "ताई, घाट आला की गाडी माझ्याकडे द्या."

घाट आला. तिने गाडी थांबवली नाही. चढावर पुढे एक ट्रक रखडत होता. समोर सरळ, मोकळा रस्ता दिसताच तिने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग गाडीने आपणहून खालचा गिअर घेतला आणि इंजिन ओरडलं. काकाही ओरडले, "इंजिन फुटेल! पाय काढा!"

ट्रक मागे पडल्यावरच तिने पाय सैल केला. गिअर वर गेला, आवाज उतरला.

"अर्धवट दाबलं तर गाडीला वाटतं, घाई नाही," ती म्हणाली. "तळाला दाबलं की जोर लावते. ओरडली म्हणून घाबरून पाय काढला, तर ट्रकशेजारीच राहतो आपण."

"पुढच्या चढाला तरी मला द्या," काका म्हणाले.

तिने आरसा नीट केला. "तुम्ही पण ओरडा, काका. पाय निघायचा नाही."