रविवारची बारी

विमान शिकायचं मी ठरवलं तेव्हा घरात कुणी रडलं नाही की ओरडलं नाही. भाऊ, म्हणजे माझे वडील, केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापत होते. विळा खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "इमान शिकून काय करशीन व? केयीवर वरून फवारा मारशीन?"

"मारीन."

"मंग शिक. पन प्रेसच्या पगारात शिक. आन् तुह्यी बारी चुकायची नाही."

बारी म्हणजे पाण्याची पाळी. असोद्याला आमची विहीर सामाईक होती, आमची आणि शेजारच्या मळ्यातल्या नानांची. मोटार कधी कुणी चालवायची हे ठरलेलं. भाऊंचा गुडघा गेलेला, त्यामुळे फावडं घेऊन दारं धरायचं काम माझं. पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचं, तेवढा वेळ हलायचं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावला एका छापखान्यात प्रुफं तपासायची आणि उरल्यासुरल्या कागदावर स्वतःची पत्रकं छापायची. एसटीच्या भाडेवाढीवर, मुलींच्या वसतिगृहातल्या तुटक्या कड्यांवर, शेतीला रात्रीच वीज देण्यावर. आमचा कंपोझिटर खिळे जुळवता जुळवता म्हणायचा, "ताई, उद्गारचिन्हं संपली. बाकीचा संताप उद्या लिहा."

पत्रकं लिहिण्याचा एक फायदा असतो. दुसऱ्याचं पत्रक वाचता येतं. जिथं विशेषणं वाढतात तिथं काहीतरी झाकलेलं असतं, हे मला माहीत होतं, कारण मीही तेच करायची.

म्हणून मोठ्या शहरातल्या, विमान शिकवणाऱ्या एका संस्थेचा माणूस जळगावच्या हॉटेलात माहिती द्यायला आला, तेव्हा त्याचं गुळगुळीत पुस्तक मी पेन हातात धरूनच वाचलं. 'उज्ज्वल', 'सुवर्ण', 'आंतरराष्ट्रीय' हे सगळं होतं. अभ्यासक्रम पूर्णवेळ, राहणं तिथंच, पैसे सगळे आधी. मी उभी राहिले.

"वारा सुटला, ढग आले आणि विमान उडालंच नाही, तर त्या दिवसाच्या राहण्या-खाण्याचे पैसे कुणाचे?"

"मॅडम, हवामान आमच्या हातात नसतं."

"पैसे तर तुमच्या हातात असतात ना?"

मागच्या खुर्च्यांवर हशा झाला. तो माणूस चांगल्या मनाचा होता, तोही हसला. "मॅडम, हे करिअर आहे. नोकरी सोडून यावं लागतं."

"मला करिअर नको. मला विमान चालवायचंय."

आजही मला वाटतं की या देशात हे एक साधं वाक्य कुणाला कळत नाही. मुलीनं शिवण शिकावं ते घरासाठी, टायपिंग शिकावं ते नोकरीसाठी. एखादी गोष्ट केवळ यावी म्हणून शिकायची म्हटलं की लगेच विचारतात, उपयोग काय? पोहायला शिकणाऱ्या पोराला कुणी विचारतं का, मेहरूणच्या तलावात नोकरी मिळणार आहे का म्हणून?

धुळ्याच्या धावपट्टीवर एक छोटा क्लब होता. त्याचं पुस्तकबिस्तक काही नव्हतं. पत्र्याची शेड, एक जुनं दोन माणसांचं विमान आणि हवाई दलातून निवृत्त झालेले एक सर. मी त्यांना तोच प्रश्न विचारला.

"नाही उडालं तर पैसे नाही," सर म्हणाले. "जेवढं हवेत, तेवढंच बिल."

"आणि किती दिवसांत शिकून होईल?"

"ते तुमच्यावर. सकाळीच उडायचं. ऊन चढलं की खानदेशातली हवा उकळते, विमान रिकाम्या डब्यासारखं आपटतं. रविवारी पहाटे या. पण दर रविवारी. एक चुकला की हात दोन रविवार मागं जातो."

माझा निर्णय तिथंच झाला. शनिवारी संध्याकाळी प्रेसमधून सरळ एसटी स्टँड, धुळ्याला मावशीकडे मुक्काम, पहाटे तिच्या हातची भाकरी बांधून धावपट्टी. पगारात महिन्याला जेवढं उडणं बसेल तेवढं उडायचं, बाकीच्या रविवारी शेडमध्ये बसून सरांकडून नकाशा आणि वारा शिकायचा. पहिल्याच रविवारी रखवालदारानं फाटकात हात आडवा केला. "ताई, बठ्ठी धूळ उडी राहिनी, इमानच तेवढं जमिनवर शे." धुळीमुळे उड्डाण बंद होतं, मी परत आले. बिल खरंच आलं नाही. एवढ्यावरच मी त्या क्लबवर खूश झाले.

पुढचे दोन महिने मी मोठ्या मजेत होते. आणि मग माझं पत्रक जिंकलं.

रात्री साप-किरडात दारं धरायला लावता, दिवसा वीज द्या, असं मी वर्षभर छापत होते. बऱ्याच गावांतून ओरड झाली, मोर्चे निघाले. आमच्या भागात पहाटेपासून वीज यायला लागली. गावात पेढे वाटले गेले. वीज बदलली तशा विहिरीवरच्या बाऱ्याही बदलल्या. नव्या वाटणीत नानांच्या वाट्याला बुधवारची पहाट आली आणि आमच्या वाट्याला रविवारची.

"घे," भाऊ म्हणाले. "तुह्यीच मागनी होती."

मला हसू येईना. बारी सोडली तर केळी वाळणार, रविवार सोडला तर विमान जाणार. एकच वाट होती. नानांनी बारी बदलून द्यायची. आणि नानांवर मी पत्रक काढलेलं होतं. नाव नव्हतं, पण 'सामाईक विहिरीवरचे एक सन्माननीय पाणीचोर, ज्यांची बारी संपते पण मोटार संपत नाही' हे वाचून अख्ख्या गावानं नानांच्याच ओट्याकडे पाहिलं होतं.

गेले मी त्याच ओट्यावर. नाना सुपारी कातरत बसले होते.

"ये. पत्रक आनलं का?"

"नाही. बारी बदलून मागायला आले. तुमचा बुधवार मला, माझा रविवार तुम्हाला."

"काबरं?"

"विमान शिकते."

नानांनी अडकित्ता थांबवला. आत बघून ओरडले, "आयकलं का व? पानीचोराकडं वैमानिक आली!" मग माझ्याकडे वळले. "देतो. पन बुधवारी शेवटचा अर्धा तास माह्या पपईला पानी सोडायचं."

"म्हणजे चोरीच!"

"चोरी कसी? मी मागून राह्यलो, तू देऊन राह्यली. तुह्या पत्रकानं बठ्ठ्या गावाले कळलंच, आता लपून घेनं मलाही जमत नाही."

मी तत्त्वाची माणूस. मी म्हटलं, तुमची पपई बघून ठरवीन. बघितली. बांधाच्या टोकाला, चढावर होती. नानांच्या बारीत पाणी तिथवर पोचतच नव्हतं. रोपं खरोखर तहानलेली होती. पत्रक लिहिण्याआधी मी त्या टोकापर्यंत चालत गेले नव्हते.

"अर्धा तास," मी म्हणाले. "घड्याळ माझं."

"घड्याय तुह्यं, इमान तुह्यं. माही फक्त पपई."

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. बुधवारी पहाटे दारं, मग सायकलवरून प्रेस. थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी सर फेरी मारून झाल्यावर विमानातून उतरले आणि त्यांनी बाहेरून दार लावलं. "आता एकटी. एक फेरी. जसं नेहमी करता तसंच." वजन कमी झाल्यामुळे विमान लवकर उचललं, एवढंच पहिल्यांदा कळलं. वळताना खाली पाहिलं. शेतं ओली-कोरडी ठळक दिसत होती, कुणाच्या बांधापर्यंत पाणी पोचलंय आणि कुठं थांबलंय ते जणू आखून दिलेलं. मी उतरले. चाकं दोनदा टेकून उसळली, तिसऱ्यांदा जमिनीवर राहिली. सर म्हणाले, "तीन उतरणी झाल्या, बिल एकाचंच."

बुधवारी नाना बांधावर आले. "वरून काय दिसलं?"

"कुणी कुणाचं पाणी घेतलं ते सगळं दिसतं, नाना."

"मंग काढ पत्रक."

"काढीन," मी म्हणाले, घड्याळ पाहिलं, आणि फावड्यानं पाणी पपईकडे वळवलं.