माउंटखाली गेलेला खडक

फ्रेमवाल्याचं दुकान एके काळी चित्रांचं कोर्टच होतं. आलेलं चित्र काचेआड जाण्याआधी शेजारचा शिंपी आणि समोरचा न्हावी त्यावर निकाल देत. ड्रॉइंगमास्तरांनी रंगवलेला खडकाळ किनारा आला, तेव्हा तर दोघं हातघाईवर आले. शिंपी म्हणे ओहोटी, खडक ओले आहेत बघा. न्हावी म्हणे भरती, फेस वर चढतोय. समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. फ्रेमवाला गालातल्या गालात हसत खळ ढवळत राही. ते दिवस आठवले की त्याला अजून भरून येतं. आता लोक मोबाइलमधले फोटो आणतात आणि उभ्या उभ्या निघून जातात.

मास्तर मात्र चित्र न्यायला आलेच नाहीत. आठवड्याभरातच गेले बिचारे. चित्र नेलं ते त्यांच्या बायकोने.

तीस वर्षांनी काच तडकली म्हणून तीच ते घेऊन आली.

"लग्नानंतर एकदाच फिरायला गेलो होतो," चित्र टेबलावर ठेवत ती म्हणाली. "मला वाऱ्यात दोन तास उभं केलं. आणि काढलं काय, तर दगड! मी कुठेच नाही. रोज विचारते त्यांच्या फोटोला, एवढी नकोशी होते का?"

फ्रेमवाल्याने खिळे उपसले आणि चित्राच्या कडा झाकणारा माउंटचा पुठ्ठा उचलला. अगदी कडेच्या खडकावर निळ्या कपड्यांतली नखाएवढी बाई उभी होती, उडणारे केस हाताने धरून.

तेव्हा फ्रेम करताना त्याला तो ब्रश पुसल्याचा डाग वाटला होता. मास्तर कामात गबाळे, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून त्याने माउंट दोन बोटं आत सरकवला आणि मास्तरांची चूक झाकल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

गप्प बसता आलं असतं. नवी काच बसवली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्याने चित्र तसंच उघडं तिच्यापुढे सरकवलं.

"वहिनी, या तुम्ही. मीच झाकलं होतं तुम्हाला. मास्तरांचा काही दोष नाही."

तिने चष्मा पुसून पुन्हा लावला. बराच वेळ वाकून बघत राहिली. आता बोलणी खावी लागणार, याची फ्रेमवाल्याने मनाशी तयारी केली.

"तीस वर्षं भांडले हो त्यांच्याशी," ती म्हणाली. "तुम्ही चला माझ्याबरोबर घरी. फोटोसमोर तुम्हीच सांगा. मला आता बोलायला तोंड राहिलं नाही."